अकरा घरांचा आकडा

दुसऱ्या तिमाहीचा आकडा आला तेव्हा कुमुद खिल्लारे पंचायतीच्या कचेरीत डावा पाय स्टुलावर ठेवून गुडघ्याला बाम चोळत बसल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर चौतीस उमटलं. मागच्या खेपेला तेहेतीस होतं. घ्या, एकानं वाढला, असं मनाशी म्हणत त्यांनी डबीचं झाकण लावलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि हे आठ महिने काही सुखासुखी जायचे नाहीत, हे त्यांना तिथंच कळून चुकलं.

बोरगव्हाणात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणायची रीत. कुमुदताई नऊ वर्षांपूर्वी इथं बदलून आल्या, पण म्हातारी माणसं त्यांनाही भाऊसाहेबच म्हणायची. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. हाक कोणतीही मारली तरी कागद तेच भरायचे होते.

पाचच मिनिटांत सरपंच आले. भास्करराव ढगे म्हणजे निवृत्त हेडमास्तर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वर्गात नापास पोराकडे बघावं तसं त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"मॅडम, हे आपल्याच गावाचं ना?"

"नाव तर आपलंच आहे, सर."

"तिसऱ्यांदा चाळीसच्या आत आलो तर संपलंच. बावीस वर्षं घासलीत हो मी या गावासाठी." एवढं बोलून ते खुर्चीत बसले.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी नवा कायदा आला आणि शाळा, दवाखाना, पाणी, रस्ते यांचे अधिकार खरोखर गावांच्या हाती आले. आता अधिकार द्यायचे तर गाव ते वापरतं कसं, हे मोजायलाही हवं, असं वरच्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. आधी मोजणी तोंडी चालायची. कुणीतरी यायचं, चहा प्यायचं, प्रश्न विचारायचं आणि गाव त्याला हवी ती उत्तरं द्यायचं. म्हणून यंत्रं आणली. गावाची आर्थिक बाजू आकाशातून मोजत: उपग्रह रोज गावातले दिवे, ट्रॅक्टर, बाजारची गर्दी टिपायचा. सामाजिक बाजू मोजायची सांडपाण्यातून. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण त्याची लघवी खोटं बोलत नाही, अशी त्यामागची कल्पना. अंगात लोह किती साठलंय हे सांगणारं एक बारीक प्रथिन लघवीवाटे बाहेर पडतं. डाळ, अंडी, दूध किती पोटात गेलं ते युरियावरून कळतं. मनावर ताण असला की त्याचं संप्रेरक उतरतं, आणि दुखण्याच्या गोळ्या नि दारू यांचाही माग राहतो. गावाच्या गटाराच्या तोंडाशी पेटी बसवायची. तिच्यातल्या पट्टीला एकेक द्रव्य चिकटलं की पट्टी चमकते आणि पेटी ती चमक मोजते. दोन बाजूंतली जी कमी भरेल तो गावाचा आकडा, कारण नुसत्या पैशावर कुणी पास व्हायला नको होतं. सलग तीन तिमाह्या चाळीसच्या खाली राहिल्या की गावाची पंचायत मोडून शेजारच्या मोठ्या गावाला जोडायची.

बोरगव्हाणचा आकाशातला आकडा शहात्तर होता. पाण्यातला चौतीस.

तालुक्याहून यंत्रं बघायला अन्वर शेख आले. पन्नाशीचे, पूर्वी पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करायचे. ओढ्याकाठी मोरीपाशी उकिडवे बसून त्यांनी पेटीचं झाकण काढलं.

"यंत्र बरोबर आहे, मॅडम. लोह फार कमी, डाळ-अंडी जवळजवळ नाहीतच. अंगदुखीच्या गोळ्या मात्र भरपूर."

"अहो, गावात डेअरी आहे. पोरं दूध पिऊन माजलीत इथली."

"असतीलही. मला जे दिसतं ते सांगतो." ते हात पुसत राहिले. "एक विचारू का? दोन हजार माणसांच्या मानानं पाणी फारच थोडं येतंय. यंत्रानं पाणीटंचाई धरलीय, तिचेही गुण कापलेत. तुमच्या गावाचं पाणी जातं तरी कुठं?"

पाणी कुठं जातं, हे कुमुदताईंना चांगलंच ठाऊक होतं.

बोरगव्हाण गटारमुक्त गाव होतं. भास्कररावांनी घरोघर फिरून, भांडून, पाया पडून तीनशे दहा शोषखड्डे खणून घेतले होते. न्हाणीचं पाणी, संडासाचं पाणी, सगळं ज्याच्या त्याच्या दारातच जमिनीत मुरायचं. डास गेले, विहिरींना पाणी वाढलं. राज्याचा पुरस्कार कचेरीत काचेच्या चौकटीत लावलेला होता. गावात गटारच नव्हतं. एक सोडून.

यंत्र बसवायचा अर्ज कुमुदताईंनीच भरला होता. 'गावाचे मुख्य गटार' या रकान्यापुढे त्यांनी खदानवस्तीची नाली लिहिली, कारण दुसरं लिहायला काही नव्हतंच. खाली प्रश्न होता, 'संपूर्ण गावाचे सांडपाणी येथून जाते काय?' 'नाही' म्हटलं तर बारा पानांचं परिशिष्ट जोडायचं होतं. शुक्रवारची दुपार होती, गुडघा ठणकत होता, शेवटची बस साडेपाचची होती. त्यांनी 'होय'वर खूण केली. भास्कररावांनी न वाचता खाली सही ठोकली.

शेखना त्या म्हणाल्या, "बघते मी," आणि नालीच्या कडेकडेनं चढावर चालू लागल्या.

वर जुन्या दगडाच्या खाणीच्या काठाला अकरा घरं होती. खाण बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण दगड फोडणारी माणसं तिथंच राहिली. गावातले तीनशे दहा खड्डे खणले ते याच माणसांनी. त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र खाली सलग काळा खडक. त्यात खड्डा खणला तरी पाणी मुरत नाही, म्हणून सामाईक संडासाच्या टाकीचं पाणीसुद्धा नालीतनं ओढ्याला जायचं. गावानं तेवढी एक नाली डोळ्याआड केली होती आणि पुरस्कार द्यायला आलेल्या साहेबांना त्या अंगाला नेलंच नव्हतं.

म्हणजे सहा महिने यंत्र बोरगव्हाण म्हणून ही अकरा घरं मोजत होतं.

पहिल्याच घरापुढं यल्लूबाई धोत्रे तांदूळ निवडत होती. साठीची, हातांना दगडकामाचे घट्टे. तिची सून अनुसया दाराशी टेकून बसली होती. सहावा महिना चालू होता. कुमुदताईंनी तिची खालची पापणी ओढून बघितली. आत कागदासारखं पांढरं.

"रक्त तपासलं होतं का?"

"पोळ्याच्या टायमाला नर्सबाईनं तपासलं," यल्लूबाई म्हणाली. "सहा म्हनली. तालुक्याला नेऊन लोखंडाचं सलाईन लावा म्हनली. नेनार कोन? एकजन गेलं की दोघांचा रोज बुडतो. आधीची दोन पोटातच गेली तिची. ही तिसरी खेप."

तिनं हे तांदळातला खडा काढता काढता सांगितलं. कुमुदताईंना भयंकर लाज वाटली. नऊ वर्षांत त्या इथं चारदा आल्या असतील, त्यातल्या तीनदा मतदार यादीसाठी.

परतताना त्यांच्या पुढं दोन वाटा होत्या. कचेरीत जाऊन दुरुस्तीचा अर्ज करायचा, म्हणजे गाव पास होईल आणि ही अकरा घरं पुन्हा डोळ्याआड जातील. नाहीतर गप्प बसायचं. आयुष्यभर त्यांनी कामं टाळायला गप्प बसून बघितलं होतं. कुणाच्या भल्यासाठी गप्प बसायची ही पहिलीच वेळ.

ग्रामसभेत त्या म्हणाल्या, "यंत्र सांगतं, गावात रक्त कमी आहे, खाण्यात कस नाही. सगळ्यात वाईट पाणी खदानवस्तीकडून येतं. तिथं सुधारलं तर आकडा वर येईल." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. यंत्रात फक्त त्याच नालीचं पाणी जातं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पंचायत जाणार म्हटल्यावर गावाच्या अंगात जे वारं शिरलं, ते बघून कुमुदताई थक्क झाल्या. पंधरा वर्षांत न गेलेला नळ बारा दिवसांत वस्तीवर गेला. डेअरीवाल्यांनी रोजचं आठ लिटर दूध काढून ठेवलं, बचतगटानं अंडी. दर मंगळवारी गावाच्या नर्स वंदना सिस्टर वस्तीवर जायच्या ठरल्या. पहिल्याच मंगळवारी त्यांनी अनुसयाला पंचायतीच्या गाडीत घालून तालुक्याला नेलं. पुढं आणखी चारदा सलाईन लागलं. भास्करराव रोज सकाळी नऊला पडद्यापुढे हजर. छत्तीस. छत्तीस. सदतीस. पारावर पोरांच्या मार्कांऐवजी आता नालीच्या मार्कांची चर्चा चालायची.

पण गाव ते गावच. दिवाळीनंतर एका सकाळी आकडा दोनानं घसरला. दारूचा माग दिसत होता. तासाभरात चार पुढारी वस्तीवर जाऊन कोण प्यायलं, कोण प्यायलं करत दारोदार फिरले. नागेशला, यल्लूबाईच्या मुलाला, सगळ्यांदेखत तोंड उघडून वास द्यायला लावला. तो प्यायलाच नव्हता. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाहुणा आला होता.

दुपारी यल्लूबाई तडक कचेरीत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"भाऊसाहेब, एक सांगा. यंत्र काय मोजायलंय? गावाचं मोजायलंय तर गावात कोन पेत न्हाई का? डेअरीचा चेरमन पेतो ते दिसत न्हाई त्याला?"

कुमुदताईंनी दार लोटून घेतलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवेना. त्यांनी सगळं सांगितलं, अर्ज, शुक्रवार, बस, बारा पानं.

यल्लूबाई आधी हसली.

"म्हंजे सात महिने झाले, आमीच गाव हाव?"

"असंच म्हणायचं."

"आन हे दूध, अंडी, नळ, हे आमच्यासाठी न्हाई. आमच्या मुतासाठी हाय." हसू तिथंच आटलं. "आता तेबी आमच्या मालकीचं न्हाई ऱ्हायलं. चार मानसं येऊन पोराचं तोंड हुंगतेत."

"बंद करायला सांगू का सगळं? अर्ज करते उद्याच."

यल्लूबाई दाराशी थांबली. आत्ता कुठं तिचा आवाज खाली आला.

"न्हाई. अनुसयाचं व्हऊ द्या. मग काय करायचं ते करा."

डिसेंबराच्या मध्याला आकडा एकोणचाळीस होता. तिमाही संपायला पंधरा दिवस, आणि अनुसयाला दिवस भरायला सहा आठवडे. रक्त साडेआठवर आलं होतं. वंदना सिस्टर म्हणत होत्या की गोळ्या, अंडी आणि तपासणी आता मध्येच तुटली नाही तर ही बाई वाचते आणि मूलही वाचतं. तेवढ्यात शेख पुन्हा येऊन गेले आणि चहा पिता पिता त्यांनी भास्कररावांनाही तोच प्रश्न विचारला. सरळ माणूस, त्यांच्या मनात काहीच नव्हतं. तुमच्या गावाचं पाणी जातं कुठं?

भास्करराव कचेरीत आले तेव्हा त्यांचा चेहरा साफ पडला होता. ते चिडले असते तर कुमुदताईंना सोपं गेलं असतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दसऱ्यापासून."

"आणि मी रोज सकाळी इथं येऊन त्या पडद्याला हात जोडत होतो." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, मी या गावाला नापास समजत होतो. झोप उडाली होती माझी. मला वाटलं, सगळं आयुष्य फुकट गेलं."

कुमुदताईंना वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं. या माणसानं कधी पंचायतीची गाडी घरच्या कामाला वापरली नव्हती.

"सर, दोन महिने थांबता का? एकोणचाळीस आहे. चाळीस होईल."

"होईलही, नाहीही होणार. एका पाहुण्यानं दोन बाटल्या प्याल्या की गेली पंचायत. चाळीस खड्ड्यांतलं पाणी काढून तपासलं तर आठवड्यात खरा आकडा येतो, असं शेख म्हणाले. मला खरा आकडा हवाय. यात माझं काही चुकतंय का, सांगा."

चुकत नव्हतं. म्हणून तर हात टेकल्यासारखं झालं होतं.

"आणि खरा आकडा आला की मंगळवारी वस्तीवर कोण जाईल?"

भास्करराव वर्गावर जसे खिडकीकडे बघत उभे राहत असतील तसे उभे राहिले.

"त्या अर्जावर सही दोघांची आहे, सर," कुमुदताई म्हणाल्या. "खोटी माहिती दिली म्हणून चौकशी लागेल. मी लिहून देते, चूक माझी एकटीची, कळल्यावरही मी लपवून ठेवली. तुमचं नाव कुठंच येणार नाही. बदल्यात एक शब्द द्या. अनुसयाचं बाळंतपण होईपर्यंत सिस्टर, दूध, अंडी, काही थांबायचं नाही."

"असं लिहायला मी सांगितलेलं नाही तुम्हाला."

"नाही सांगितलं. मीच म्हणते."

"निवृत्तीच्या तोंडावर चौकशी म्हणजे पेन्शन..."

"माहीत आहे मला काय ते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली मीच पाठवल्यात."

ते खिडकीपासून वळले. मग म्हणाले, "दिला शब्द."

चाळीस खड्ड्यांची झाकणं उघडायला माणसं लागली, आणि ती अर्थातच खदानवस्तीतून आणली. नागेश कंबरभर वाकून बाटल्या भरत होता, शेख त्यांवर घरांचे नंबर चिकटवत होते. झाकण कुठल्या बाजूनं उचलायचं हे नागेशला विचारावं लागत नव्हतं. प्रत्येक खड्डा त्यानं नाहीतर त्याच्या बापानं खणलेला. आपण काय उघडतोय हे त्याला आईनं सांगितलं होतं. तरी त्यानं काम चोख केलं.

एकोणतीस डिसेंबरला पडद्यावर एकाहत्तर आलं. माणसांच्या संख्येप्रमाणे प्रत्येक भागाला वजन दिलेलं होतं. खदानवस्तीचं वजन आलं शंभरात तीन. जिलेबी वाटली गेली. भास्कररावांनी स्वतः कुमुदताईंच्या टेबलावर कागदात गुंडाळून दोन वेढे ठेवले आणि गेले. चौकशीची नोटीस त्याच आठवड्यात आली. ओढ्याकाठची पेटी काढून कचेरीच्या कोपऱ्यात आणून ठेवली, तिच्यावर लवकरच मतदार याद्यांचे गठ्ठे चढले.

भास्करराव शब्दाला पक्के निघाले. महिनाभर मंगळवार चुकला नाही. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तालुक्याच्या दवाखान्यात अनुसयाला मुलगी झाली. दोन किलो चारशे ग्रॅम. नागेशनं फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येईना, नुसतंच 'रडली, रडली' म्हणत होता. पोरगी रडली म्हणजे जिवंत होती. कुमुदताईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या कचेरीतच, पंख्याखाली, डोळे पुसत बसल्या.

मग मंगळवार आला आणि वस्तीवर कुणी गेलं नाही. दूध त्याच्या आदल्या दिवशीच थांबलं होतं. कुणी मुद्दाम थांबवलं असंही नव्हतं. वंदना सिस्टरांना लसीकरणाचं दुसरं काम लागलं, बचतगटाला आठवड्याच्या बाजाराची घाई. शब्द बाळंतपणापर्यंतचा होता आणि बाळंतपण झालं होतं. कुमुदताईंनी भास्कररावांना विचारायचं ठरवलं, पण त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. बदल्यात द्यायला आता त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी वंदना सिस्टरांकडून बाळ तोलायचा झोळीचा काटा मागून घेतला, गोळ्यांची पाकिटं घेतली, बचतगटाकडून अर्धा डझन अंडी घेतली आणि चढाची वाट धरली. गुडघा कुरकुरत होता. मध्ये दोनदा दगडावर बसावं लागलं. नाली शेजारून वाहत होती, तिच्यात आता कुणाला काही बघायचं नव्हतं.

यल्लूबाई दारातच होती. त्यांना धापा टाकत येताना बघून तिनं आतून पाण्याचा तांब्या आणला.

"नर्सबाई न्हाई आल्या."

"नाही यायच्या आता."

"आकडा किती हाय?"

"एकाहत्तर."

"त्यात आमी किती?"

"शंभरात तीन."

यल्लूबाईनं मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मग तुमी कामून आल्या, भाऊसाहेब? इतकं चढून?"

"आज मंगळवार आहे," कुमुदताई म्हणाल्या.

अनुसयानं बाळ आणून दिलं. कुमुदताईंनी काटा दाराच्या वरच्या कडीला अडकवला, झोळीत पोरीला ठेवलं आणि हात काढून घेतला. काटा डुगडुगला, मग थांबला. चष्मा वर सारून त्यांनी दोनदा वाचलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच एखादा आकडा चुकू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"अडीच किलो. शंभर ग्रॅमनं वाढलीय."

"वाढली?"

"वाढली."

यल्लूबाईनं नातीच्या पायाला बोट लावलं. "आता हे लिवायचं कुठं?"

"कुठंच नाही. तुम्ही ध्यानात ठेवा. पुढच्या मंगळवारी मी विचारीन."